तुमच्या धाकट्या बहिणीचं ऐकून घेण्याबाबत

ती. आक्कांना साष्टांग नमस्कार.

तुमची तब्येत उत्तम असणारच. तुमच्यापुढे बिघडायची तिची काय बिशाद आहे! साडूबुवांचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना मध्येच थांबून अजून 'आज हवा काय सुंदर आहे' म्हणतात का? (हवा कशीही असो.) इकडे मी मजेत आहे. तुमची धाकटी बहीण दोन बॅगा घेऊन तुमच्याकडे आली त्याला आठवडा उलटून गेला. माझा फोन ती उचलत नाही, म्हणून हा पत्राचा प्रपंच. तिने परत यावं अशी माझी इच्छा आहे. पण तसं म्हणणं म्हणजे तिच्यावर दडपण आणणं झालं, आणि दडपण माझ्या तत्त्वात बसत नाही. तेव्हा मी तसं म्हणालोच नाही असं समजा. तिची बाजू तुमच्या कानांवर आली असेलच. आता जरा माझी ऐका.

तुम्हाला ठाऊकच आहे, पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात माझी उभी हयात गेली. पंप बंद पडलेला माणूस फोनवर काय काय बोलतो ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. पण मी कधी आवाज चढवला नाही. पंप दुरुस्त करणं माझ्या हातात नव्हतं (ते वरच्या मजल्यावरच्यांच्या हातात होतं, आणि त्यांच्याही नव्हतं हे मला निरोप समारंभात कळलं), पण ऐकून घेणं होतं. तिथेच मला साक्षात्कार झाला की माणसाला पंप नको असतो, ऐकणारा हवा असतो. (पंपही हवा असतो, असं हिचं म्हणणं.) म्हणून निवृत्त झाल्यावर मी रीतसर शिकवणी लावली, प्रमाणपत्राला चौकट केली आणि दातांच्या दवाखान्याला लागून एक खोली घेऊन 'लाइफ कोच' अशी पाटी ठोकली. माझं तत्त्वज्ञान अगदी साधं आहे. माणसात अफाट ताकद असते, तो वाकतो पण मोडत नाही, आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच पोटात असतं. आपण फक्त ऐकायचं, त्याचं वाक्य त्याला परत द्यायचं, गप्प बसायचं आणि मग मायेने विचारायचं, की यातून तुम्हाला काय शिकायला मिळालं? सल्ला मात्र द्यायचा नाही. सल्ल्याने माणूस पांगळा होतो.

सुरुवातीला गिऱ्हाईक थोडं कमी होतं. थोडं म्हणजे नव्हतंच. एके दिवशी गाल सुजलेले एक गृहस्थ आत आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी आ वासला. मला वाटलं, बिचाऱ्याला शब्द सापडत नाहीयेत. अशा वेळी घाई करायची नसते. मी मान डोलावत राहिलो, ते आ वासून राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी रुमाल पुढे केला आणि म्हणालो, हे दुखणं बरंच जुनं दिसतंय. त्यांनी जोरजोरात मान हलवली. हे दुखणं तुम्हाला काय सांगू पाहतंय, असं मी विचारणार, एवढ्यात शेजारचे दातांचे डॉक्टर त्यांना शोधत आले आणि हाताला धरून घेऊन गेले. मला वाटलं, आता आपली हजेरी घेतली जाणार. पण संध्याकाळी डॉक्टर येऊन म्हणाले, की हा इसम दर वेळी सुई बघूनच पळून जातो, आज निमूट बसला. तेव्हापासून ते घाबरट रोग्यांना आधी माझ्याकडे बसवतात. (फी मिळत नाही. पण माझी अक्कलदाढ फुकट काढून देणार आहेत.) सांगायचा मुद्दा असा, की बाहेर माझं तत्त्वज्ञान व्यवस्थित चालतं.

माशी शिंकली ती घरात. ही म्हणाली, स्वयंपाकघरातला नळ गळतोय. मी हातातला पेपर बाजूला ठेवला, तिच्याकडे वळून बसलो आणि म्हणालो, नळ गळतोय आणि तुला त्याचा त्रास होतोय. ती म्हणाली, त्रास मला नाही, खालच्या मजल्यावरच्यांना होतोय. मी गप्प बसलो. (तत्त्वाप्रमाणे. नळ टपटपत होता.) मग विचारलं, की तुझ्या मते यावर काय करता येईल? तिने प्लंबर बोलावला. आक्का, इतक्या वर्षांच्या संसारात तिने कधी प्लंबर बोलावला नव्हता, ते खातं माझ्याकडे होतं! तुझ्यातली सुप्त शक्ती जागी झाली, असं मी तिला तोंडभरून सांगितलंसुद्धा. त्या दिवशी चहात साखर नव्हती. पुढे पुढे ती माझ्याऐवजी भिंतीकडे बघून बोलायला लागली. भिंत निदान प्रश्न तरी विचारत नाही, म्हणे.

आता त्या दिवसाचं. ती कानांच्या दवाखान्यातून आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. म्हणाली, डाव्या कानाने फार कमी ऐकू येतंय, पुढे आणखी कमी होत जाईल, मशीन लावावं लागणार आहे. मी अगदी कानांत प्राण आणून ऐकलं. पुढे झुकलो, नजर हलू दिली नाही. तिचं वाक्य तिला परत दिलं, थांबलो, आणि मायेने विचारलं, यातून तुला काय शिकायला मिळालं? ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता उत्तर पोटातून वर येतंय. मग ती उठली, माळ्यावरून बॅगा काढल्या आणि म्हणाली, "आक्काकडे चाललेय. ती निदान ओरडते तरी."

हे बोलणं मी मनाला लावून घेतलेलं नाही. मी वाकतो पण मोडत नाही. (परवा दूध उतू गेलं, ते तेवढं पुसायचं राहिलंय.) घरात आता कमालीची शांतता आहे. ऐकण्याची कला जोपासायला यापेक्षा चांगली जागा नाही, फक्त ऐकायला काही नाही. तिने हवे तितके दिवस राहावं. माणूस आपल्या वेळेने परततो, असं मी घाबरट रोग्यांना नेहमी सांगतो. साडूबुवांना नमस्कार. त्यांना म्हणावं, जिन्याचा कठडा धरत जा.

तुमचा, सगळं ऐकून घेणारा,
मेहुणा

ता. क. तिचा वाचायचा चष्मा इथेच राहिला आहे. पोस्टाने धाडला तर काचा फुटतील. मी स्वतः आणून दिलेला बरा, असं डॉक्टरांचंही मत पडलं. (दातांच्या.)

आणखी एक ता. क. चष्म्याचं राहू द्या. खरं कारण वेगळंच आहे. कानांच्या दवाखान्यातून घरी फोन आला होता. सोमवारी तिला मशीन लावणार आहेत. तिथल्या बाई म्हणाल्या, येताना ओळखीच्या आवाजाचं कोणीतरी आणा. ते माणूस समोर बसून बोलतं आणि त्यावरून मशीनचा आवाज जुळवून घेता येतो. आक्का, ते काम मला मिळवून द्या. तुमचा आवाज तिला मशीनशिवायही ऐकू येतो. मी तिला काहीही विचारणार नाही. मी बोलेन आणि ती ऐकेल. काय बोलायचं याची आरशापुढे तालीम चालू आहे. अजून 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे' याच्या पुढे गाडी सरकलेली नाही, पण सोमवारपर्यंत सरकेल. तिच्याशिवाय मला करमत नाही, एवढं तर नक्कीच म्हणता येईल.

तेवढं तिला विचारा. नाही म्हणाली, तर लगेच मला कळवू नका. तिच्या उजव्या बाजूला बसून पुन्हा एकदा विचारा. पहिल्यांदा तिला नीट ऐकू आलं नसेल.