विषाणू परिषदेला मी नेलेली सर्दी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार, पण तो उभ्याउभ्याच मानून घे, कारण वाकलं की नाक गळतं. तुझा डावा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी लिहून दिलेले व्यायाम करतेस, की तो कागद अजून फ्रिजवर चिकटवलेलाच आहे? रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस. माझं म्हणशील तर मी परिषदेच्या अतिथिगृहात तिसऱ्या मजल्यावर दोन दुलया घेऊन पडले आहे आणि रविवारपर्यंत मला खोलीबाहेर पडायची बंदी आहे. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण आवाज पार बसलाय. मी 'ताई' म्हटलं तर कुणीतरी गंजलेलं फाटक उघडतंय असं तुला वाटेल. म्हणून पत्र.

आमची परिषद कशावर होती हे तू दरवेळी विचारतेस आणि मी सांगायला लागले की दूध उतू जातंय म्हणून आत जातेस. आता दूध आधी उतरवून ठेव. विषाणू पेशीला चिकटतो कसा आणि आत शिरतो कसा, एवढ्याच प्रश्नावर चार दिवस बोलायला एकशेवीस माणसं जमली होती. त्यात तीन घराणी. पहिले भौतिकवाले. त्यांच्या लेखी विषाणू म्हणजे लहान गोळा आणि पेशी म्हणजे मोठा गोळा, बाकी सगळा तपशील किरकोळ. दुसरे आम्ही पडदेवाले. पेशीभोवती मेदाचा पातळ पडदा असतो, तसाच पडदा आम्ही काचपट्टीवर पसरतो आणि त्याच्याकडे वर्षानुवर्षं बघत बसतो (माझी अकरा वर्षं त्यात गेली, आणि नवऱ्याकडे मी एवढं कधी बघितलं नाही असं तो चारचौघांत सांगतो). तिसरे विषाणूवाले. ते खरेखुरे विषाणू हाताळतात, म्हणून बाकीच्या दोघांना हिंग लावूनही विचारत नाहीत. त्यांच्या म्होरक्या म्हणजे परिषदेच्या अध्यक्षीणबाई. वय सत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, आवाज असा की झोपलेलं सभागृह उठून बसावं. त्यांना सगळे मागून सेनापतीबाई म्हणतात, आणि समोर काहीच म्हणत नाहीत.

सोमवारी सकाळी मी सभागृहात शिरले तेव्हा माझा घसा खवखवत होता. तेव्हाच मागे फिरायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण या परिषदेत भाषणाला बोलावणं यायला मी अकरा वर्षं वाट बघितली होती, आणि माझी वीस मिनिटं गुरुवारी होती. खवखव काय, हवाबदलाचीही असते, अशी मी मनाची समजूत घातली. वर सेनापतीबाईंच्या पहिल्याच भाषणानंतर हात वर केला, फिरता माईक हातात घेतला आणि प्रश्न विचारला. चार मिनिटं विचारला. मध्ये दोनदा खोकले, माईकमध्येच. मग तो माईक माझ्या हातून पुढच्या रांगेत गेला, तिथून मधल्या रांगेत, आणि चार दिवस तो असाच फिरत राहिला. (तुला शास्त्रज्ञांचा स्वभाव माहीत नाही. त्यांना प्रश्न नसतो, 'फक्त एक छोटीशी टिप्पणी' असते, आणि ती करताना माईक ओठांना लागल्याशिवाय त्यांना बोलल्यासारखंच वाटत नाही.)

मंगळवारी दुपारपासून शिंका सुरू झाल्या. बुधवारी सकाळी चहाच्या रांगेत निम्म्या लोकांची नाकं लाल. विषाणूंवर हयात घालवलेली माणसं, पण एकालाही सर्दी झाल्याचं कबूल करवेना. एक म्हणाला धूळ आहे, दुसरा म्हणाला वातानुकूलन फार आहे, तिसऱ्याने तर मला डोळे पुसत सांगितलं की समोरच्याचं भाषण हृदयाला भिडलं. (ते भाषण मीठ घातलेल्या पाण्यावर होतं.) शेवटी सेनापतीबाईंनाच शिंक आली आणि चौकशी लागली. त्यांनी फळा मागवला, त्यावर सभागृहाचा नकाशा काढला आणि कोण कुठे बसलं होतं ते विचारायला सुरुवात केली. पहिली शिंक कुणाची, असा सवाल आला तेव्हा सगळ्यांच्या माना एका दिशेला वळल्या. ते होते साबणकाका.

साबणकाका म्हणजे भौतिकवाल्यांतले एक अगदी बुजरे गृहस्थ. तीस वर्षं साबणाच्या फुग्यांवर काम केलेलं, या महिन्याअखेर निवृत्त होणार. सोमवारी उद्घाटनातच ते शिंकले होते, कारण त्यांना गालिच्याच्या धुळीचं वावडं आहे. हे त्यांनी सांगितलं असतं, पण बोलायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. ते नुसते उभे राहिले आणि 'असेल बुवा' म्हणाले. झालं. त्यांचं जेवणाचं ताट खिडकीजवळच्या एकट्या टेबलावर गेलं, आणि 'तब्येतीच्या काळजीपोटी' त्यांचं गुरुवारचं भाषण रद्द झालं. त्यांच्या आयुष्यातलं शेवटचं भाषण, ताई. आणि ती मोकळी झालेली वीस मिनिटं कुणाला मिळाली, ओळख बघू. मला. सेनापतीबाई स्वतः येऊन म्हणाल्या, "तुमचं काम चांगलं आहे, सावकाश बोला."

मी काय केलं? मी आभार मानले. तोंडातली खोकल्याची गोळी गालात सरकवून आभार मानले.

त्या दिवशी जेवताना मला खिडकीजवळची त्यांची पाठ दिसत होती. ते सूप पीत होते आणि कागदी रुमालावर काहीतरी आकडेमोड करत होते. जरा वेळाने त्यांनी मागे वळून बघितलं आणि मला हात केला. मी पण केला. मग माझ्या घशाखाली घास उतरेना (थोडं घशाच्या सुजेमुळेही असेल, सगळंच श्रेय सदसद्विवेकबुद्धीला देत नाही).

गुरुवारी मी व्यासपीठावर गेले. पहिलं चित्र पडद्यावर आलं, मी तोंड उघडलं आणि त्यातून फक्त हवा निघाली. पुन्हा प्रयत्न केला तर बेडकासारखा एक आवाज आला. समोर निम्म्याहून जास्त माणसं रुमाल धरून बसलेली. मागे दाराशी, एकटे, साबणकाका. तेव्हा मला वाटलं, एवढासाच आवाज शिल्लक आहे तर तो कामाला लावावा. मी म्हणाले, "ही सर्दी मी आणली. सोमवारी, याच माईकमधून. काकांचा काही संबंध नाही."

मागच्या रांगेत कुणाचं तरी नाक शीळ घालत होतं, तेवढं ऐकू आलं. मला वाटलं आता सेनापतीबाई मला दाराबाहेर काढणार. त्या उठल्या, फळ्यापाशी गेल्या आणि खडू उचलला.

"घसा कधी धरला?"

"सोमवारी सकाळी."

"कुणाकडून आला?"

आता एवढ्या लोकांसमोर माणूस काय सांगणार? मी म्हणाले, "बहिणीच्या यजमानांकडून. येताना त्यांच्याकडे मुक्काम होता, त्यांना सर्दी होती."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग ज्यांनी ज्यांनी माईक हातात धरला होता त्यांना उभं राहायला सांगितलं. त्र्याहत्तर माणसं उभी राहिली, आणि त्यातली सत्तर आजारी. माईक न धरता बसून राहिलेले बहुतेक सगळे ठणठणीत. साबणकाकांनी तीस वर्षांत एका परिषदेत एकही प्रश्न विचारला नव्हता. सेनापतीबाईंनी त्यांचं नाव फळ्यावरून स्वतःच्या बाहीने पुसलं (त्या कुणाची माफी मागत नाहीत, बाही मळवतात) आणि म्हणाल्या, "काका, वर या. चाळीस मिनिटं तुमची."

माझीसुद्धा वीस त्यातच गेली. पण मी तक्रार कशी करणार, मला आवाजच नव्हता.

काकांनी खिशातून तारेची एक कडी काढली, साबणाच्या पाण्यात बुडवली, फुंकून फुगा केला आणि त्यात ओलं बोट अलगद घालून दाखवलं. फुगा फुटला नाही. मग तेच बोट कोरडं करून लावलं, आणि फुटला. पेशीच्या पडद्याचंही असंच असतं, आत शिरायचं तर आधी त्याच्यासारखं व्हावं लागतं, असं ते म्हणाले. माईक जप्त झाला होता. त्यांचा आवाज इतका बारीक की लोकांनी नाकं शिंकरायचीसुद्धा थांबवली. भाषण संपल्यावर नेहमीचे टिप्पणीवाले उठायला गेले, पण एकाच्याही घशातून शब्द फुटेना. काका वाट बघून खाली उतरले. माझ्या शेजारी बसत म्हणाले, "खिडकीजवळचं टेबल छान होतं हो. दोन वर्षं अडलेलं गणित सुटलं." मला रडू आलं, आणि त्या सभागृहात रडण्याची एक सोय होती. बहुतेकांचे डोळे आधीच गळत होते.

आता बरी आहे. काळजी करू नकोस. मुलांना आशीर्वाद, तुला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. या माईकवर सेनापतीबाई शोधनिबंध लिहिणार आहेत आणि लेखकांत माझं नाव घालणार आहेत. त्यासाठी ही सर्दी मला ज्यांच्याकडून आली त्यांचा नमुना लागेल. येत्या गुरुवारी दुपारी एक बाई एक लांब काडी घेऊन तुझ्याकडे येतील. ती भाऊजींच्या नाकात घालायची आहे, बरीच आत. त्यांना आधी सांगू नकोस. नुसतं खुर्चीत बसवून ठेव.

ता. क. २. त्या बाई भाऊजींना पहिली शिंक कधी आली ते विचारतील. मला आठवतं त्याप्रमाणे ती रविवारी संध्याकाळी आली, मी निघताना. आता तुला म्हणून सांगते, माझा घसा त्याच्याही आधी, शुक्रवारपासूनच धरला होता, आणि शनिवारी दुपारी तुझ्या दारात मी तो घेऊनच आले. तेव्हा भाऊजींना शनिवार सकाळ आठवली तर फार बरं होईल. त्यांना खोटं बोलायला लाव असं मी म्हणत नाही, मी शास्त्रज्ञ आहे. पण त्यांना तुझा वाढदिवसही तूच आठवून देतेस ना?