लाल साका

९ सप्टेंबर, मंगळवार

अंगणभर उंट! लोकरीचे. मेरिमनं ओळीनं वाळत घातलेत, माना सगळ्यांच्या वर. शेजारची कोंबडी एकाला चोच मारून गेली.

माझ्या या सुनेनं गेले तीन आठवडे घराचा कारखाना केलाय. बिश्केकच्या एका दुकानाला पोरांना भेट द्यायच्या चाळीस पिशव्या हव्यात. प्रत्येकीत नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक उंट, एक लाकडी भिंगरी आणि पाच चुको, नेमबाजीच्या खेळाची हाडं. प्लास्टिक नको, बाजारातला रंग नको. कांद्याच्या सालींचा पिवळा चालेल, मंजिष्ठेचा लाल चालेल.

"एने, याला पर्यावरणपूरक खेळणी म्हणतात," मला समजावत होती.

म्हटलं, "आमच्या लहानपणी याला 'गप बस आणि खेळ' म्हणायचे."

खूप हसली. पहिले सहा उंट मात्र फसलेच तिचे. वसंतातली लोकर घेतली होती! ती कताईला चांगली. नमदा जमायला शरदातली लागते. उंटांचे पाय गळून पडले. मी आधी सांगितलं नव्हतं. फसल्याशिवाय शिकत नाही माणूस, असं शाळेत पोरांना सांगते, मग घरी का नको?

लेकाचा, बाकितचा, मॉस्कोहून फोन. दोन मिनिटं माझ्याशी, वीस मिनिटं तिच्याशी. चालायचंच.

११ सप्टेंबर

गावभरच्या पोरी चुको आणून देताहेत मेरिमला. दोनशे हव्यात. एका मेंढीच्या मागच्या पायांत मिळून दोन घोट्याची हाडं. म्हणजे शंभर मेंढ्या! आणि दुकानवाल्यांना वाटतं, कुठल्या तरी यंत्रातून पडतात.

आमची एकेक चुको म्हणजे एकेक समारंभ होता. ही आत्याच्या लग्नातली, ही आजोबांच्या दिवसांतली, ही शेजाऱ्यांच्या बाळाच्या पाळण्याची. मोठी माणसं जेवायला बसली की आम्ही दाराशी दबा धरून. कुणाच्या पानात ते हाड गेलंय, तो कधी चोखून संपवतोय! एकदा कुणी पाहुणा चोखत चोखत गाणं म्हणायला लागला. मी रडायच्या बेतात. माझा थोरला भाऊ, सागिनदादा, सरळ आत गेला, अदबीनं वाकून म्हणाला, "काका, गाणं सुंदर आहे, पण हाड आमचं आहे." सगळी बैठक खदखदली.

त्याच्यासारखा नेमबाज आमच्या सरोवराच्या काठावर झाला नाही. दहा पावलांवरून मारायचा. पलीकडच्या गावची पोरं पैजेवर पैजा लावून हरून जायची. तो चुकला असं कुणी पाहिलं नाही. त्याचा साका — म्हणजे ज्यानं मारायचं ती मोठी चुको — रानमेंढ्याची होती. बाबांनी डोंगरातून आणलेली. आईनं मंजिष्ठेत उकळून लाल केलेली. बाजूला त्यानं सुईनं आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं होतं.

पुरे. वह्या तपासायच्यात.

१२ सप्टेंबर

मेरिमला चुको कमी पडल्या. म्हटलं, रजयांच्या चळतीमागे जुनी पिशवी आहे, शाळेतल्या पोरांनी दिलेल्यांची, घेऊन टाक.

१५ सप्टेंबर, सोमवार

गेल्या एकदाच्या चाळीस पिशव्या! सकाळच्या गाडीनं. चोवीस तारखेला तिथून परदेशी जाणार म्हणे. कुठल्या कुठल्या पोरांच्या हातात आमच्या गावच्या मेंढ्या. मेरिम दुपारी तीन तास झोपली. मी उठवलं नाही.

१६ सप्टेंबर

लाल साका नाही!

सागिनदादाचा. पेटीत नाही, पेटीतल्या रुमालात नाही, आईच्या जाकिटाच्या खिशात नाही. रजया सगळ्या खाली काढल्या. मग आठवलं, मेरिम पिशवी घेऊन गेली. "लाल होता का गं त्यात एक? मोठा?" तिनं मान हलवली. होता. सगळ्यांत सुंदर म्हणून शेवटच्या पिशवीत घातला.

मग माझा तोल गेला. काय नाही बोलले! विचारायची पद्धत नाही का तुमच्याकडे, दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूंना हात लावायला लाज नाही वाटत — दुसऱ्याच्या घरातल्या म्हणाले! चार वर्षं ती इथं राबतेय.

सून सासूला उलट उत्तर देत नाही. तिनंही नाही दिलं. मुकाट्यानं चहा आणून ठेवला. वाटी काठोकाठ भरून.

काठोकाठ! आपल्यात निम्मी वाटी देतात. निम्मी म्हणजे बसा, परत भरते. काठोकाठ म्हणजे प्या आणि वाटेला लागा. माझ्याच घरात मला! प्यायले सगळा. जीभ भाजली.

१७ सप्टेंबर

मीच ठेवला होता तो साका त्या पिशवीत. मार्चमध्ये रजया उन्हात घातल्या तेव्हा पेटीला वास येत होता म्हणून तात्पुरता. आणि विसरले. मीच! सकाळी चूल पेटवताना आठवलं आणि हातातली काडी बोटापर्यंत जळली.

मेरिमला अजून सांगितलं नाही. जीभ उचलत नाही.

ही दुसरी गोष्ट तर कुणालाच सांगितलेली नाही. इथं लिहिते.

साका माझा नव्हताच. १९८१, ऑक्टोबर. दादाला सैन्यातलं बोलावणं आलं होतं. मी अकरा वर्षांची. जायच्या दिवशी सकाळी तो म्हणाला, चल, एक डाव. अंगणात रिंगण आखलं, मधे स्वतःचा लाल साका ठेवला. साध्या चुकोनं दोन पावलांवरून मारायचं, माझ्या वयाला तेवढंच अंतर. तीन-तीन नेम. जो रिंगणाबाहेर उडवेल, साका त्याचा. त्याचे तिन्ही हुकले. माझा तिसरा लागला! मी अंगणभर नाचले, कोकरं बिचकली.

आई म्हणाली, "दे गं त्याला परत. लांब चाललाय पोरगा. नशिबाचा आहे तो त्याच्या."

मी मूठ पाठीमागे लपवली. "जिंकलेली चुको परत मागायची नसते!"

दादा हसला. "राहू दे आई. नियम म्हणजे नियम. आल्यावर जिंकून घेईन."

ट्रकवर चढताना रिकामा खिसा उलटा करून दाखवला मला.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत जस्ताची शवपेटी आली. अफगाणिस्तानातून. उघडू दिली नाही. आई त्यानंतर साक्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोलली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

चव्वेचाळीस वर्षं मी तो सांभाळला. त्यानं एकदाही खेळले नाही. त्याचं नशीब मी मुठीत धरून ठेवलं होतं आणि तो मोकळ्या खिशानं गेला. मला दुसरं काही वाटतच नाही. कुणी काही म्हणो.

आणि आता तेही हरवलं.

१८ सप्टेंबर

शाळेतून दोन दिवसांची रजा. मुख्याध्यापक म्हणाले, "सायराकान आपा, एका हाडासाठी?" म्हटलं, हो, एका हाडासाठी.

निघताना मेरिमनं पाव आणि उकडलेली अंडी बांधून दिली. "एने, लाल धाग्यानं तोंड शिवलंय त्या पिशवीचं. बाकीच्यांना पांढरा आहे." एवढंच. मी चप्पल घालत बसले बराच वेळ. मग म्हटलं, "चूक माझी होती गं."  ती एप्रनला हात पुसत उभी राहिली.

१९ सप्टेंबर, बिश्केक

दुकान चकचकीत. भिंतीवर हिरवं पान रंगवलेलं. मालकीण पोरसवदा, पण माणूस चांगलं. मागची खोली उघडून दिली. खोकी खाली काढली. पांढरा, पांढरा, पांढरा... एकोणचाळीस पांढरे धागे!

"एक पिशवी काल दुकानात विकली गेली आपा," ती म्हणाली. "एक आजोबा आले होते नातीसाठी. नेहमीचे आहेत."

फोन लावून दिला तिनं. म्हातारा म्हणाला, उद्या या, चहाला. आज चुलतबहिणीकडे मुक्काम. तिचा नातू दिवसभर फोनमध्ये रणगाडे उडवत होता. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

२० सप्टेंबर

परतीच्या गाडीत लिहितेय. अक्षर हलतंय.

ओसमोन म्हाताऱ्याचं घर म्हणजे चार मजली इमारतीचा तळमजला, पुढे हातभर अंगण. अंगणात नात. बेगायिम, आठ वर्षांची, दोन दात पडलेले. उंट कुंपणावर बसवला होता. आणि ती लाल साक्यानं चुको उडवत होती. टक्! टक्! मला त्या साक्याचा आवाजच सहन होईना. चव्वेचाळीस वर्षांनी ऐकत होते.

कसंबसं सांगितलं, बाळ, हा चुकून आलाय, माझा आहे, याच्या बदल्यात दहा देते.

तिनं साका बाहीला पुसला. थुंकी लावून, पुन्हा पुसला. अगदी मी पुसायची तसा. मग म्हणाली, "मागायची नसते. आजोबा म्हणतात, मागायची नसते, जिंकायची असते."

म्हाताऱ्यानं साका तिच्या हातातून घेऊन डोळ्यांजवळ धरला. कोरलेल्या अक्षरावर अंगठा फिरवला. "कुणाचा?"

"भावाचा."

"कुठं?"

"कंदाहार."

 त्याच्या वयाची पोरंही त्या युद्धात गेली होतीच. मग म्हणाला, "बेगायिम, आजीला देऊन टाक. मी दुसरा आणतो."

पोरीनं एकदम मान खाली घातली. रडली नाही. साका माझ्यापुढे धरला, पण बोटं सोडवेनात तिला.

आणि मी म्हणाले, "नाही. नियम म्हणजे नियम. मांड रिंगण."

पंचावन्न वर्षांची बाई, शाळेची शिक्षिका, परक्या अंगणात गुडघे टेकून! वरच्या मजल्यावरच्या बायका खिडक्यांत. म्हातारा पंच. साका रिंगणात, दोन पावलं, तीन-तीन नेम. तिचा पहिला हुकला, माझा हुकला. गुडघा कुरकुरला. तिचा दुसरा हुकला. माझा दुसरा चाटून गेला, साका रेघेवर जाऊन डुलला आणि थांबला! "आत आहे! आत आहे!" ती किंचाळली. म्हाताऱ्यानं वाकून पाहिलं, "आत." त्यानं साका परत मधे ठेवला. तिचा तिसरा हुकला. राहिला माझा शेवटचा. ती ओठ दाताखाली धरून साक्याकडे बघत होती.

हुकला.

मग एकेक जास्तीचा. तिचा लागला! टक्! साका थेट कुंपणाशी. पोरगी अंगणभर नाचली. उंट खाली पडला.

मी हसत होते. रडायला हवं होतं खरं तर. म्हाताऱ्यानं चहा दिला, निम्मी वाटी, परत निम्मी, परत निम्मी. निघताना बेगायिम फाटकापर्यंत आली. "परत या आजी. जिंकून घ्या."

२१ सप्टेंबर, रविवार

घरी. मेरिमनं चहा दिला. निम्मी वाटी! मी बघितलं, तिनंही बघितलं, मग दोघी हसलो.

सगळं सांगितलं तिला. दादाचंसुद्धा. डावाचं, मुठीचं, जस्ताच्या पेटीचं. बाकितलाही कधी सांगितलं नव्हतं. ती उंटाचा कान शिवत ऐकत होती. शिवणं थांबलं तिचं.

मग म्हणाली, "एने, शाळेच्या अंगणात तुम्ही सहावीच्या पोरांना चुकोत हरवून रडवता. दोन पावलांवरून शेवटचा नेम हुकला?"

"सांधे," मी म्हणाले.

"एने."

"अगं, कशी मारणार? ओठ चावत होती पोरगी! हात आपोआप वळला. लहान पोराच्या हातातलं जिंकून कुणी घेतं का? त्यातून ते असं नाचणार असतं, तर ते बघायचं सोडून?"

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरले होते तिचे. मला कळलं नाही का ते. म्हटलं, चहा निवतोय.

२२ सप्टेंबर

शाळेत मधल्या सुट्टीत फाटकाशी उभी होते. पोरं खेळत होती.

दहा पावलांवरून न चुकणारा सागिनदादा. दोन पावलांवरून. तीनदा!

मी जिंकलाच नव्हता तो.