आधी आवाज, मग स्टँडबाय

३ जुलै

मर्वचा रेकॉर्ड ऐकायचा जुना अ‍ॅम्प सकाळी चालू होता! मी लावलेला नाही. मर्व, माझा थोरला भाऊ, अकरा दिवस बर्नी गावच्या इस्पितळात श्वासाच्या यंत्रावर आहे. घरात आम्ही दोघंच, आणि किल्ली माझ्या खिशात. रेकॉर्ड नाही, गाणं नाही — नुसती गुणगुण. आवाजाची खुंटी अर्ध्यावर आणि आतल्या काचेच्या चारही नळ्या, व्हॉल्व्ह, पेटलेल्या.

त्याच्याच पद्धतीने बंद केला. आधी आवाज शून्यावर. मग स्टँडबायची कळ. वीस आकडे मोजले. मग मुख्य बटण. एकदा मी घाईत थेट मुख्य बटण दाबलं होतं. धाडकन आवाज झाला आणि एक व्हॉल्व्ह गेला. मर्व आठवडाभर तोंड फिरवून होता. मग म्हणाला, "लेस, तुला उठून जायची फार घाई. निवेपर्यंत बसावं माणसानं."

४ जुलै

पुन्हा चालू.

५ जुलै

शेजारच्या ग्वेनला सांगितलं. घरी भाजलेले स्कोन-पाव घेऊन आली होती. म्हणे, मीसुद्धा किटली चुलीवर विसरते, या वयात व्हायचंच. म्हणजे मला चळ लागला! राग आला. खरं तर तसं असतं तर बरं झालं असतं.

६ जुलै

डॉक्टर फाम बाई फार हळू बोलतात. मेंदूत आता काही उरलं नाही म्हणाल्या. त्याला माझ्याशिवाय कोणी नाही, तेव्हा यंत्र बंद करायचं तर सही माझी. घाई करू नका, पण फार लांबवूही नका. तो तर घरी येऊन अ‍ॅम्प लावतोय, हे बाईंना कसं सांगू? सहीचा कागद घडी करून खिशात घातला.

७ जुलै

काल भिंतीतून प्लगच काढून ठेवला. सकाळी प्लग जमिनीवर तसाच पडलेला. व्हॉल्व्हला बोट लावलं तर चटका! फोड आलाय, अजून ठणकतोय.

भीती वाटली. आणि लिहायला लाज वाटते, पण आनंदही झाला. मर्व कुठे गेलेला नाही. मग सही कशाला करू? प्लग परत लावून दिला. लाव बाबा, तुझाच आहे.

९ जुलै

रोज बर्नीला जातो आणि पाच मिनिटांत बाहेर पडतो. त्या यंत्राची फसफस ऐकवत नाही. आज थांबलो जरा. नर्स त्याचे ओठ ओले करत होती. फाटलेत. पाठीला जखमा पडल्यात.

घरी आलो तर खोलीभर करपट वास. एक व्हॉल्व्ह आतून काळा पडलाय. मर्व म्हणायचा, "ताणून चालवलं की जळतं रे. वेळेवर बंद करणं हीसुद्धा मायाच."

बसून रडलो.

११ जुलै

सही केली. उद्या सकाळी दहाला.

१२ जुलै

बसलो. शेवटपर्यंत. बाईंनी आधी यंत्राच्या घंटा बंद केल्या, मग श्वास हळूहळू उतरवला. हात धरला होता त्याचा. निवेपर्यंत उठलो नाही.

१२ जुलै, दुपारी तीन

घरी आलो. सकाळी निघताना अ‍ॅम्पला हात लावला नव्हता. खुंटी अर्ध्यावरच होती. आता आवाज शून्यावर. कळ स्टँडबायवर. मुख्य बटण तेवढं चालू — ते त्यानं माझ्यावर सोडलंय.

वीस मोजतोय.