भिंतीले खिळा नको

अहो पास्टरसाहेब,

तुमाले मातीत ठेवून महिनाही नाही झाला, अन् नवे पास्टर येऊन राहिले. चर्चचं हे घर मले उद्या खाली करा लागते. आपला पीयूष रायपूरले नेतो म्हणते.

बालाघाट, जगदलपूर, मंग भिलाई. बिशपनं बदली वाचली का आपण पेट्या बांधल्या. दर घरी तुमचं एकच, "रूथ, भिंतीले खिळा नको ठोकू. घर आपलं नाही."

तुमच्या फोटोसाठी मी ठोकलाच. आज उपटला, भोक साबणानं बुजवलं अन् कब्रस्तानात आली. तुमच्या क्रुसावरची नावाची पाटी लटकून राहिली होती. तिले तोच खिळा ठोकला.

रागावू नका. ही जागा तुमची हाये. इथून तुमची बदली नाही. या खेपेले मी एकटीच चालली.

तुमची,
रूथ