तुटका बोल्ट

९ जानेवारी
सगळं फिरलं ते 'टक्' आवाज आला तेव्हा. नावड्याच्या गॅरेजात, दुपारी. सायलीच्या पप्पांची जुनी गाडी, इंजिनचं तेल गळतंय. तिनेच त्यांना पटवून माझ्याकडे पाठवलेली. वरच्या झाकणाचे बोल्ट आवळत होतो, खांद्यावर फोन, पलीकडे सायली. "कॉलेजला परत ये, एकच वर्ष राहिलंय." मी म्हणालो, "तुझ्या बापाला मेकॅनिक चालत नाही, असं बोल ना सरळ." आणि पाना ओढला. बोल्टाचं डोकं हातात.
मालकांना, दगडूमामांना, सांगितलं नाही. वरून सिलिकॉन, फट बुजवायचा चिकट लेप, फासलं.

१० जाने.
गाडी दिली. सायलीचा फोन. "झाली ना नीट? पप्पा विचारतायत." म्हणालो, "एकदम. मी केलीय ना."

१४ जाने.
पामबीच रोडला बॉनेटमधून धूर. गाडीत काका, म्हणजे सायलीचे पप्पा, आणि सायली. तेल गरम पाइपवर पडलं. दोघं उतरले म्हणून वाचले. गाडी टो करून इथे आणली, आणि मी काय केलं? ओरडलो. "काका, गाडीच भंगार आहे, विकून टाका!" काकांनी नुसती किल्ली माझ्या हातात ठेवली. त्यापेक्षा कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

१५ जाने.
मामांनी इंजिन धुवायला लावलं, सुकवलं, मग सगळीकडे टाल्कम पावडर उडवली. "कर चालू. तेल दिसतं खाली, निघतं वरनं. पावडर कुठं भिजते ती बघ." पाच मिनिटांत झाकणाच्या कोपऱ्यात काळी ओली रेघ. मामांनी सिलिकॉन नखाने सोललं.
"बोल्ट कोनी तोडला?"
मी फडक्याला हात पुसत राहिलो.
"मनगटाचा जोर पुरतो याला. झाकन लावत होतास का राग काढत होतास?" मग सिलिकॉनचा गोळा नाकासमोर धरला. "नी हा केक कोनाच्या बड्डेचा?"
हसू आलं नाही.

१६ जाने.
आत अडकलेला तुकडा काढण्यात दिवस गेला. झाकणाखाली नवं गॅस्केट, तेल अडवणारी पट्टी. सगळे बोल्ट थोडे थोडे आवळले, समोरासमोरचे. परत पावडर. कोरडी राहिली.
मामा म्हणाले, "बोल्ट जुना होता, सांगू काय त्यांना? कोनाला कलतंय?"
नको म्हणालो. नंतर तासभर वाटत राहिलं, हो म्हणायला हवं होतं.

१८ जाने. रवि.
नेरूळ, सायलीचं घर. गाडी खाली लावून वर गेलो. उभ्याउभ्या सांगितलं. बोल्ट मी तोडला, माहीत असून लपवला. भंगार बोललो, ते चुकलं. काका चष्मा पुसत राहिले. "चहा घेणार?" एवढंच.
सायली किचनच्या दारात. "मी विचारलं होतं तुला. गाडीत मी होते, सुमेध."
"हो."
"हो काय?"
तू फोनवर भांडत नसतीस तर... जिभेवर आलं होतं. गिळलं. ती बघतच होती. किल्ली टेबलावर ठेवली, चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार नुसत्या मनगटाच्या जोराने, आवाज न करता, ओढून घेतलं.