जिभेखालचं नाणं

गोरेगाव, ३ नोव्हेंबर २०२५
दवाखाना आज सुरू झाला! जीपच्या थांब्यासमोर दोन खोल्या, बाहेर माझी पाटी. दाताची खुर्ची हिंगोलीहून टेम्पोत आली तेव्हा अर्धं गाव बघायला उभं होतं. घरमालकीण आशाबाई मागच्या बाजूला एकट्याच राहतात, मुलगा-सून पुण्याला. केस पेपर लिहायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. अक्षर माझ्याहून बरं आहे. दुपारी त्यांनी माझी नाण्यांची पेटी उघडायला लावली. दहा वर्षांत जमवलेली अकरा ग्रीक नाणी. एवढ्या लांबची ही तुमच्यापर्यंत आली कशी, असं त्यांनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं की कुठं सापडलं, कुणाकडून कुणाकडं गेलं, हे कळल्याशिवाय मी नाणं घेतच नाही.

६ नोव्हेंबर
आशाबाईंनी साखऱ्याहून थोरल्या भावाला आणलं. नाव सोनाजी. सोबत वहिनी चांगुणाबाई. सोनाजींचे दात ठणठणीत, पण दोन दिवसांपासून जीभ जड वाटते म्हणे. जीभ उचलली तर खाली काहीतरी गोल, चकचकीत. चिमट्यानं काढलं. चांदीचं नाणं! एका बाजूला कपाळाला पट्टी बांधलेला राजा, दुसरीकडं वज्र फेकणारी देवी, कडेनं ग्रीक अक्षरं. सोनाजी डोळे मिटून पडले होते, त्यांना ते दिसलं नाही. चांगुणाबाईंचा चेहरा मात्र उतरला.

"जिथलं हाय तिथं ठिवा परत," एवढंच त्या म्हणाल्या.

मी खोटं बोललो. पत्र्याचा तुकडा होता, कचऱ्यात टाकला, असं सांगितलं. ते गेल्यावर नाणं धुतलं आणि पेटीत ठेवलं.

७ नोव्हेंबर
वजन दोन पूर्णांक चार दशांश ग्रॅम, अशा ग्रीक नाण्याचं असायला हवं अगदी तेवढं. पुण्याच्या हरीशसरांना फोटो पाठवला. नाणी ओळखायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. त्यांचा पहिला प्रश्न, कुठून आलं? साखऱ्याच्या शेतात सापडलं, असं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की दोन हजार वर्षं मातीत पडलेलं नाणं झिजतं, काळवंडतं. हे आज सकाळी पाडल्यासारखं दिसतंय, आणि तरी नकली वाटत नाही.

एवढ्यात आशाबाई रडत आल्या. काल सोनाजी गावात पोचले, जीपमधून उतरले आणि तिथंच कोसळले, गेले. हृदयाचा झटका असेल, म्हणालो. वय बहात्तर होतं.

१० नोव्हेंबर
आशाबाई अजून साखऱ्यालाच. सकाळी अकराला बाकावर एकच पेशंट होता. हात धूत धूतच त्याला आत बोलावलं. तो खुर्चीत आडवा झाला, तोंड उघडलं. मी आरसा आत घातला. पेशंटच्या श्वासानं आरसा धुरकटतो, सारखा पुसावा लागतो. हा धुरकटला नाही. बराच वेळ धरला. नाही. मग मी चेहऱ्याकडं पाहिलं.

सोनाजी.

आरसा पडला. उचलून वर बघेपर्यंत खुर्ची रिकामी.

१२ नोव्हेंबर
रोज येतात. बाकावर बसतात, तोंड उघडं ठेवून. आज जीपनं साखऱ्याला गेलो, नाणं चांगुणाबाईंपुढं ठेवलं आणि खरं काय ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. सोनाजींच्या घराण्यात ज्याची वेळ भरते त्याच्या जिभेखाली ते आपोआप येतं, म्हणाल्या. त्याच्याबरोबर चितेवर जातं, राखेत सापडत नाही. पण मुळात येतं कुठून, मी विचारलं.

"आमाला काय म्हाईत? जायाचं भाडं हाय ते. तुमी काढून घेतलं. आता त्यो कसा जाईल?"

ग्रीक लोकही मेलेल्याच्या तोंडात नाणं ठेवत. पलीकडं नेणाऱ्या नावाड्यासाठी. मी हे पुस्तकात वाचलंय. त्या बाईंना कुणी सांगितलं?

१३ नोव्हेंबर
सोनाजी आले. चांगुणाबाईंनी नाण्याला हात लावला नव्हता; तेच मी सोनाजींच्या जिभेखाली ठेवलं. आरपार जाऊन खणकन फरशीवर पडलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा फरशी. ते माझ्याकडं बघत राहिले. डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं—

१५ नोव्हेंबर
आशाबाई परतल्या. केस पेपर लिहिता लिहिता थांबल्या. जीभ जड झाली म्हणाल्या.

बघितलं. आहे.

त्यांनाही कळलं. माहेरचंच ते. माझा हात घट्ट धरला.

"काढा, डॉक्टर. सून बाळंत व्हायची हाय माझी. लेकरू बघू द्या मला. काढून टाका."

सोनाजींचं काढलं ते हावेनं. त्यांचं मरण योगायोग असेल. असू शकतो ना? आणि आज तर मला नाणं नकोच आहे. मला फक्त आशाबाई—

काढलं.

तीन वाजता
चहा केला त्यांनी. हसल्या. आरसा धरून पाहिला. धुरकटला!

चार
कप सांडलाय. आशाबाई टेबलावर डोकं टेकून. आरसा कोरडा.

सव्वाचार
दार लावून घेतलंय. काचेतून दिसतंय. बाकावर दोघं, बहीण-भाऊ. तोंडं उघडी. दोन्ही नाणी माझ्या मुठीत, गरम—

सोनाजी एका बाजूला सरकले. आशाबाई दुसऱ्या. मध्ये एक जागा.

आशाबाई पदरानं ती जागा पुसताहेत. माझ्याकडं बघून. हात करून बोलावताहेत.

मी उठणार नाही. काही झालं तरी उठणार ना—