खर्जासाठी कणीक

१२ ऑक्टोबर, रविवार
आज सकाळी पूजा आटोपली आणि नानासाहेबांच्या स्पीकरची पाठ उघडली. जुने लाकडी खोके, आतून मंदिरातल्या समईसारखा वास.
तीस वर्षं आमच्या चिखलीच्या देवळात काकडा नानासाहेबांनी गायला. मागच्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला. उरली ती एक कॅसेट. त्रिपुरी पौर्णिमेला काकड्याची समाप्ती झाली की सगळ्या मंडळाने घरी बसून ती ऐकावी, एवढीच त्यांची इच्छा. पण डावा खोका मुका झालाय.
काल गेलो तर मला बघून त्यांनी हात वर केला आणि दोन बोटं हवेत फिरवली. पेचकस फिरवतात तशी. म्हणजे 'उघड'. मी समजलो. त्यांच्या पत्नी सरूकाकू म्हणाल्या, "आरं ज्योतीराम, आधी ऐक तरी." मी म्हणालो, ऐकण्यासाठीच तर चाललंय काकू. खोके गाडीवर बांधून आणले.
घरच्या अँप्लिफायरवर दोन्ही खोके उत्तम वाजले. म्हणजे बिघाड वरवरचा नाही. खोल आहे.

१४ ऑक्टोबर
क्रॉसओव्हर समजला. खोक्यात एक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, एक कंडेन्सर असतो. गुंडाळी जाड आवाज मोठ्या स्पीकरकडे पाठवते. कंडेन्सर बारीक आवाज तेवढा छोट्याकडे सोडतो. पखवाज खाली, टाळ वर. भांडण नाही. माणसाच्या छातीत असा एक बसवला असता तर राग खालच्या खाली राहिला असता.
जुना कंडेन्सर वाळलेला असणार. ओल्या फडक्याने पुसला. त्यावर छापलेल्या ४ आणि ७ च्या मध्ये घाणीचा कण होता, तो नखाने काढला. आता स्वच्छ वाचता येतं, ४७.

१८ ऑक्टोबर
पिंपरीतून कंडेन्सर आणले. दुकानदार म्हणाला, "काका, सत्तेचाळीस? नक्की?" म्हटलं, छापलंय तसं द्या. हल्ली लोकांना छापलेल्यावर विश्वास नाही.
दोन्ही खोक्यांत एकदमच बदलले. एकाला नवीन, एकाला जुना, असा दुजाभाव नको.
शालन म्हणाली, "धनत्रयोदशी आहे. लक्ष्मी आत येणार कुठून? दारात तुमचे खोके." खोके बाजूला सरकवले. सेवेत वाद घालू नये.

१९ ऑक्टोबर
लावले. आवाज दणदणीत! मी आणखी वाढवला. मग दोन्ही छोटे स्पीकर थोडे चिरकले, थोडा वास आला, आणि शांत झाले. नवीन पार्ट बसवल्यावर 'बर्न-इन' व्हावं लागतं, म्हणजे तो वाजून वाजून रुळावा लागतो, असं वाचलं होतं. ते हेच असावं.
काकूंचा फोन. "व्हय रं, झालं का?" म्हटलं, जवळजवळ.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
निशिगंधा ताथवड्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. खोक्यात डोकावून म्हणाली, "बाबा, इथे चार पॉइंट सात असतो. पॉइंट कुठे गेला?"
म्हटलं, तिथे घाण होती.
"ती घाण नव्हती बाबा. दशांश चिन्ह होतं."
आमच्या शाळेत गुरुजी दशांश चिन्ह हरभऱ्याएवढं काढायला लावत. छापणाऱ्याने मोहरीएवढं काढलं, यात माझी चूक किती?
छोटे स्पीकर जळालेत म्हणते. जुन्या मापाचे मिळतील, पण पौर्णिमेपर्यंत येणार नाहीत. "फोनवर भरून घ्या ना कॅसेट," म्हणाली. फोनच्या डबीत नानासाहेबांना कोंबायचं? नाही.
उद्या जाऊन त्यांना खरं सांगायचं. ठरलं.

२६ ऑक्टोबर
कंपनीत ओव्हरटाइम लागला, जाणं झालं नाही. झालं ते चांगलंच. आज भजनात बसल्या बसल्या सुचलं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापली की खर्ज उतरतो. मोठा स्पीकर म्हणजे तरी काय? पखवाजच. बारीक आवाज गेला तर गेला, खर्ज तर वाढवता येईल! नानासाहेबांचं खरं वैभव खर्जातच होतं.
शालनकडे कणीक मागितली. "किती पोळ्यांची?" म्हणाली. म्हटलं, दोन. दोन्ही मोठ्या स्पीकरच्या कागदी पडद्यांवर हलक्या हाताने थापली. 'विठ्ठल' म्हणून वाजवलं. खर्ज आला! डोळ्यांत पाणी आलं.

३० ऑक्टोबर
उंदीर.
कणीक खाल्ली, खाली कागदी पडदा होता, तोही खाल्ला. दोन्ही खोक्यांत. यानेही दुजाभाव केला नाही.
शालनने कागदाचे कपटे झाडून काढले. मग म्हणाली, "त्यांचा आवाज एकदा डॉक्टरने काढला. दुसऱ्यांदा तुम्ही."
उद्या नक्की सांगायचं.

२ नोव्हेंबर
एकादशीला वाईट बातमी देऊ नये. फाटलेल्या पडद्यांना कागद आणि फेविकॉल लावला. काकूंना फोनवर म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा
काकड्याची समाप्ती झाली. खोके घेऊन गेलो. मंडळ आधीच सतरंजीवर बसलं होतं. नानासाहेबांनी ठेवणीतला फेटा बांधला होता.
सगळ्यांसमोर सांगितलं. ठिपका, कणीक, उंदीर. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
नानासाहेबांनी हात वर केला आणि तीच दोन बोटं हवेत फिरवली. या वेळी मी विचारलं, काकू, काय म्हणतात?
"बटण," काकू म्हणाल्या. "ब्यालन्सचं. नातवंडानं उजव्या अंगाला फिरवून ठिवलंय, म्हून डावा खोका मुका. मधी आण म्हणत्यात. त्या दिवशीबी त्येच सांगत हुते. तू ऐकलं न्हाईस."
तारा जोडल्या. कॅसेट घातली. बटण मध्यावर आणलं.
दोन्ही खोक्यांतून अगदी सारखी खरखर आली. शब्द एकही नाही. नानासाहेब डोळे मिटून ऐकत राहिले, मांडीवर ठेका धरून. मग त्यांनी सोबत गायला तोंड उघडलं, आणि गळ्यातून तशीच खरखर आली.
काकू म्हणाल्या, "बंद कर, बाबा."
बंद केलं.